सिंधूबाईंची पेंड

आमच्या दूध संस्थेतल्या सिंधूबाई ऐन थंडीत दूध गार करायच्या टाकीला पाठ लावून उभ्या राहतात. दूध घालायला आलेली माणसं मफलरात गुंडाळलेली, आणि ह्या पदरानं वारा घेतायत! मी संस्थेचा सचिव. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना ताप आहे.

‘ताप न्हाई भाऊ, वाफा हायेत,’ त्या म्हणाल्या. ‘दोन मिन्टात जातेत.’

बाई दुधाची फॅट काढतात, म्हणजे यंत्रावर मोजतात. चौसाळ्याच्या आसपासच्या वस्त्यांवरचं सगळं दूध त्यांच्या हाताखालून जातं, त्यामुळे माणसांनाही त्या दुधाचंच माप लावतात. नव्या सरपंचांचं भाषण ऐकून त्यांनी निकाल दिला, ‘फॅट बरी हाय, पर पानी लई.’ सरपंच शेजारीच उभे होते.

दुष्काळाच्या साली जनावरं छावणीला गेली आणि संस्थेचं दूध निम्म्यावर आलं. खर्च कमी करायला हवा होता. वार्षिक सभेत एक सभासद उठले. ‘फॅटच्या टेबलावरचा पंखा थंडीत बी कावून चालू आसतो?’

बाई मागून उभ्या राहिल्या. ‘सव्विसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. तवाच पाळी गेली. पाळी गेली की अंगातून वाफा निघतेत. तुमच्या घरात बी बायका हायेत, त्यास्नी इचारा.’

सभेला झाडून सगळे पुरुष. जो तो आपापल्या चपला निरखायला लागला. चेअरमननी घसा खाकरून पंखा चालू ठेवण्याचा ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. आमच्या संस्थेत असं काही पहिल्यांदाच घडत होतं.

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना हार्मोनच्या गोळ्या दिल्यात. बाई त्यांना ‘माझी पेंड’ म्हणतात आणि पहिला कॅन उघडायच्या आधी सगळ्यांदेखत गोळी घेतात. मध्यंतरी त्यांनी त्या परस्पर बंद केल्या होत्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, ‘भाकड जनावराला कुणी पेंड घालतं का?’ मला हसू आलं. डॉक्टरीणबाईंना मात्र आलं नाही. हाडं ठिसूळ होतील म्हणून त्यांनी बाईंना चांगलंच झापलं, आणि पेंड पुन्हा सुरू झाली.

मग ऊसतोडीला जायचे दिवस आले. बाईंच्या शेजारची रेखा नवऱ्याबरोबर कोयत्यावर जाणार होती. तिच्या अंगावरून जात होतं, पोट दुखत होतं. मुकादम म्हणाला, फडात खाडे पडतील, पिशवी काढून टाक. एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशनचा वारही ठरला. आदल्या दिवशी बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ‘भाऊ, आज फॅट दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा.’ बाईंनी रजा मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

मला बीडला काम होतंच. दुधाच्या टेम्पोतून आम्ही तिघं गेलो. बाईंनी रेखाला आपल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. नीट तपासणी झाली. जंतुसंसर्ग होता. पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. ऑपरेशनची काहीच गरज नव्हती.

परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. रेखा बाईंच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, म्हणून बाई उतरल्या नाहीत. मी खिडकीतून कप आत दिला आणि सहज विचारलं, ‘तुमच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरला नव्हतं दाखवलं?’

‘कोन दावनार? मुकादमानंच नेलतं. आमचे मालक सही करून बैल बघायला गेलते.’ आवाज नेहमीचाच होता. ‘मला पोरगी पायजे होती भाऊ. दोनी पोरंच झाली. हिच्याएवढीच होते मी तवा.’

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, चहा घ्या, गार होतोय.

‘होऊ द्या,’ बाई अगदी हळू म्हणाल्या. ‘हात हालवला तर उठंल ती.’