सोन्नरमामा आणि सुटी पानं

सोन्नरमामांच्या हाती पुस्तक द्यायची सोय नव्हती. लिहिलंय कुणी, आत काय आहे, याच्याशी त्यांना घेणं नाही. ते पुस्तक बरोबर मधोमध उघडणार, टेबलावर पालथं घालणार, वरून तळहातानं दाबणार आणि कान खाली नेऊन ऐकणार. 'कट्' असा आवाज आला की संपलं. "नुसतं गोंदाचं काम हाय. कणाच नाय ह्याला. रिजेक्ट!" माझ्या आतेबहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी मुलाकडच्यांनी आणलेला फोटोंचा अल्बम असाच रिजेक्ट केला. मुलाचे काका पुढचा अर्धा तास मांडवात एकेकाला बाजूला घेऊन विचारत होते, की आमच्या पोरात नेमकं काय कमी दिसलं.

वाळूजला तेव्हा रोज नवी शेड उभी राहत होती. आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनायचे आणि बनलेला प्रत्येक भाग रंगनाथ सोन्नर यांच्या टेबलावरून जायचा. मूळचे लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातले, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले. आयटीआय करून शहरात आले आणि तपासनीस झाले. बायको वारलेली, एकुलती मुलगी सासरी. सिडकोतल्या एका खोलीत एकटेच राहायचे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, म्हणून मामा. त्यांनी 'पास' म्हटलेला माल परत आला, असं कधी झालं नाही, आणि 'रिजेक्ट' म्हटलेला माल मॅनेजरनं हात जोडले तरी बाहेर गेला नाही.

पुस्तकांचं हे वेड त्यांना लागलं ते एका गोऱ्या इंजिनिअरमुळं. नवं ग्राइंडिंग मशीन बसवायला तो विलायतेहून आला आणि चार महिने गेस्ट हाऊसवर अडकला. रविवारी करमेना, म्हणून त्यानं आम्हा चौघांना धरून एक खेळ शिकवला. सोन्नरमामा, प्रयोगशाळेतला गौतम साळवे, वेल्डिंगचा सिराज आणि स्टोअरमधला मी, दिगंबर.

या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. समोर बंद दार आहे, उघडायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. उघडल्यावर काय होतं ते फासा ठरवणार. फासेही साधे नाहीत, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. आणि या सगळ्याचे नियम एका जाडजूड पुस्तकात. साहेब जाताना ते पुस्तक आणि फासे मामांना देऊन गेला, कारण गोष्ट सांगावी तर मामांनीच. साहेबाच्या गोष्टीतला परदेशी किल्ला त्यांच्या तोंडी आला की देवगिरी व्हायचा, त्यातलं भुयार म्हणजे देवगिरीची काळीकुट्ट अंधारी, आतल्या राक्षसांना गुडघेदुखी असायची आणि जादूगार लासूरच्या बाजारात बैलाच्या व्यापाऱ्यासारखा रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचा. गौतम वैद्य झाला होता, सिराज तलवारवाला आणि मी चोर. "तू स्टोअरचाच हायेस, तुला सोपं जाईल," मामा म्हणाले.

साहेब गेल्यावर तिसऱ्या रविवारी पुस्तकानं दम तोडला. मामांनी नियम बघायला ते उघडलं, 'कट्' झालं, आणि वरच्या पंख्यानं पंचवीस-तीस पानं खोलीभर उडवली. सिराज एका राक्षसाशी लढत होता. त्या राक्षसाचं पान खिडकीतून खाली शेजाऱ्यांच्या पापडांवर जाऊन पडलं. "मामू, मैं जीत गया! वो भाग गया!" सिराज ओरडला. पण मामा हसले नाहीत. हातातलं पुस्तक ते रद्द झालेल्या मालाकडं बघावं तसं बघत होते. "एवढा कागद चांगला, छपाई चांगली. आन् शिवण नाय? एक टाका नाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीचा तपासणीचा छापील फॉर्म घेतला आणि गौतमकडून त्यावर इंग्रजीत लिहून घेतलं: वस्तू, पुस्तक, एक. दोष, पाठीला शिवण नाही, पाने सुटी. निर्णय, रिजेक्ट. सुधारणा काय केली ते कळवावे. खाली सही, तारीख, शिक्का. हे रजिस्टर पोस्टानं विलायतेला प्रकाशकाकडं गेलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. आभाराची एक छापील चिठ्ठी आणि नव्या पुस्तकांची जाहिरात. मामांनी जाहिरातीचं ते पातळ चोपडं उघडून, दाबून, ओढून पाहिलं. "बघा! फुकटच्या कागदाला पिना मारल्यात, आन् इकतच्याला नुसता गोंद!" त्यांनी आणखी दोन फॉर्म पाठवले. त्यांची उत्तरं आली नाहीत.

मग एका शनिवारी ते पुस्तक पंच्यात बांधून शहागंजला गेले, मीही सोबत होतो. सिराजचे वडील हनीफचाचा तिथं बायंडिंगचं काम करायचे. चाचांनी चष्मा वर करून पानं चाळली. "ये किताब नै है साब. पत्तों की गड्डी है."

"चाचा, दुरुस्त व्हतं का नाय तेवढं सांगा."

"होता है. जुजबंदी करना पडता. लेकिन कौन करेगा? छे महिने का काम है."

"मी करतो. तुमी दावा."

जुज म्हणजे एकात एक घातलेल्या घडीच्या कागदांचा गठ्ठा. असे गठ्ठे दोऱ्यानं शिवले की पुस्तक मोडत नाही. पण या पुस्तकाचं पान न् पान सुटं. म्हणून दोन दोन पानं पतंगाच्या कागदाच्या पट्टीनं जोडायची, त्यांची घडी घालायची, अशा चार घड्या एकात एक बसवल्या की एक जुज. तीनशे पृष्ठं म्हणजे दीडशे सुटी पानं, त्यांची एकोणीस जुजं होणार होती. मामांनी मैद्याची खळ शिजवली, किडीसाठी त्यात मोरचूद घातलं, आणि कामावरून आल्यावर रोज दोन पट्ट्या चिकटवायचा नेम धरला. मदतीला गौतमला बसवलं, कारण त्याचा हात प्रयोगशाळेतला, थरथरत नाही. चौदा जुजं शिवून झाली.

तेवढ्यात आमच्या चौघांतच फाटलं, आणि ते माझ्यामुळं.

शहरात विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. मोर्चे, बंद, मधूनच संचारबंदी. कंपनीच्या बसमध्ये कोण कुणाशेजारी बसतं, हे एकाएकी दिसायला लागलं होतं. मी गंगापूरकडचा, ऊस-कापसाच्या घरातला. घरी, पारावर जे ऐकलेलं होतं ते एक दिवस कँटीनमध्ये जेवताना माझ्या तोंडून निघालं.

"विद्यापीठाचं नाव बदलून काय मिळणार आहे तुम्हाला?"

गौतमनं घास खाली ठेवला. "तीन वर्षं मी 'तुला' होतो, दिगंबर. आज 'तुम्हाला' झालो." त्यानं ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलावर गेला. मला वाटलं, राग उतरला की येईल. तो आला नाही. रविवारी मीही गेलो नाही. शहागंज वारंवार बंद राहायचं, त्यामुळं सिराजचं येणं सुटलं. खेळ थांबला. मामा मला कारखान्यात रोज भेटायचे, पण त्या विषयावर चकार शब्द काढायचे नाहीत. चार महिने असेच गेले.

मग एका संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले. पाणी प्यायले, आणि पिशवीतून आठ पानांचा एक गठ्ठा, सुई आणि मेण लावलेला दोरा काढून माझ्यापुढं ठेवला.

"हे तुझं जुज. शिवून आण."

"मामा, मला कुठं शिवता येतं?"

"गौतमला येतं. त्याच्याकडनं शिकून घे."

"तो मला दारात तरी उभा करील का?"

"ते मला काय ठाव? मी आठरा शिवली. हे शेवटचं तू शिवायचं, आन् त्याच्यासमोर शिवायचं. नायतर पुस्तक तसंच ऱ्हाईल उघडं. मी हात लावणार नाय." ते उठले. दारात वळून म्हणाले, "चूक कुणाची ते मी इचारलं का? माल दुरुस्त व्हतो का, एवढंच बघतो मी."

चार दिवस ते जुज माझ्या उशाशी पडून होतं. पाचव्या दिवशी सायकल काढून भीमनगरला गेलो. दार गौतमच्या आईनं उघडलं. "दिगंबर ना तू? सोन्नरभाऊ म्हणले व्हते, पाहुणा यील म्हणून. चार दिस झाले वाट बघती मी." आणि आत वळून हाक मारली, "गौतम, आला रे तुझा दोस्त!"

गौतम बाहेर आला. माझ्या हातातला गठ्ठा पाहून त्यानं ओळखलं. सतरंजी टाकली. कागदाला भोकं कुठं पाडायची ते दाखवलं. माझी सुई दोनदा बोटात गेली. तिसऱ्या टाक्याला मी खाली मान घालूनच म्हणालो, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो."

त्यानं माझा टाका बोटानं चाचपून पाहिला. मग म्हणाला, "आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिला. ज्यांच्यामुळं गेलो, त्यांचं नाव त्या दारावर असावं, एवढंच आमचं म्हणणं. तू विचारलंस ना काय मिळणार? ते मिळणार." पुढं म्हणाला, "तुला पटलं पाहिजे असं नाही. पण विचारताना मला एकट्याला विचार. जमावाला विचारल्यासारखं नको."

"मला एकट्याला सांगितलंस, तेव्हा समजलं," मी म्हणालो.

"टाका ओढ. ढिला राहिला तर मामा परत पाठवतील," तो म्हणाला. आईनं चहा आणला. दोन कप आणि मला एक मोठा पेला, पाहुणा म्हणून.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं पुन्हा मामांच्या खोलीत जमलो. सिराज वडिलांकडून पुठ्ठा आणि काळं कापड घेऊन आला होता. एकोणिसावं जुज बाकीच्यांना जोडलं गेलं. माझे टाके वाकडे होते. मामांनी त्यावर बोट फिरवलं, नाक मुरडलं, पण उसवले नाहीत. पुठ्ठा चढला, वर विटा ठेवल्या. खळ वाळेपर्यंत काय करायचं, म्हणून सिराज म्हणाला, "मामू, खेलते. किधर थे अपन?"

आठवेना कुणालाच. "त्या फळीवर वही हाय, तीत बघ," मामा खळीचे हात धुवायला मोरीकडं जाता जाता म्हणाले. शाळेतली शंभरपानी वही होती. मी उघडली. पहिल्या काही पानांवर खेळाची टिपणं होती. पुढं दर रविवारच्या नावानं दोन-तीन ओळी, मामांच्या ठळक, कोरल्यासारख्या अक्षरात.

'आज कुणी आलं नाय. तिघं अंधारीच्या तोंडाशी बसून आहेत. भाकर आहे. पाणी आहे.'

'आज पण नाय. वैद्याला थंडी वाजत होती. चोरानं आपली घोंगडी दिली.'

'संचारबंदी. तलवारवाला पहाऱ्यावर. तिघं जागेच आहेत, बोलत नाहीत. पण शेकोटी एकच आहे.'

असे सोळा रविवार. गौतम माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्यानं वही माझ्या हातातून हळूच घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. सिराजला मराठी लिपी धड येत नसे, तो "क्या लिखा है, क्या लिखा है?" विचारत राहिला. मी त्याला एकेक ओळ वाचून दाखवू लागलो.

मामा हात पुसत आले. आमची तोंडं पाहून दारातच थबकले. वही कुठल्या पानावर उघडी आहे ते त्यांना दिसलं, आणि मॅनेजरपुढं कधी खाली न गेलेली त्यांची नजर एकदम जमिनीला लागली.

"मामा," गौतम म्हणाला, "एकटेच खेळत होता?"

"खेळतोय कशाला? एकट्याला खेळता येतं व्हय?" ते जरा चिडून म्हणाले. पंचा खुंटीला लावता लावता आमच्याकडं पाठ करून पुढं म्हणाले, "आंधारात बसलेली माणसं. तुमी येईस्तवर उपाशी ठेवू का मी त्यांला?"