आबांची टेप

मी काही लेखक नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि अजून साधा निबंध लिहितानाही माझा हात अडखळतो. तेव्हा शेजारच्या शिवरामआबांबद्दल लिहिणं हा आगाऊपणाच, माफी असावी. पण पोस्टानं आलेल्या पत्राला टेप लावून मोजणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

आबा भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात मजूर. माडाचा घेर आणि झावळीची लांबी मोजायची, साहेबाला आकडा सांगायचा, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. शिंप्याकडे असते तशी टेप कायम गळ्यात. अंगात सदरा नसला तरी टेप असायची. मासेवाली दारात आली की बांगडा मोजायचे. "नऊ इंच. मापात आहे." ती ओरडायची, "आबा, खायचाय की शिवायचाय?" मला मिशी फुटली तेव्हा त्या मिशीकडे रोखून बघत त्यांनी टेपेला हात घातला. मी पळालो.

आई नसलेला विलास हा त्यांचा एकुलता एक मुलगा. ब्याऐंशी साली तो राहुरीला कृषी विद्यापीठात गेला. पहिल्या वर्षी त्याची इनलँड पत्रं यायची ती चार ओळींची. आबा पत्र डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बसायचे, मग लिहिलेल्या भागाला टेप लावून दाराच्या चौकटीवर खडूनं आकडा मांडायचे. दीड इंच. मे महिन्यात विलास नापास होऊन आला आणि दिवसभर पडून राहू लागला.

माझे बाबा म्हणाले, "आबा, मिरजोळ्याला कारखान्यात चिकटवा त्याला. हे शिक्षण आपल्या लोकांचं नव्हे."

"माड लावलास की पहिल्या वर्षी वर काय दिसतं रे?" आबा म्हणाले. "खाली मुळांचं चालू असतं. उपटून बघतोस काय?"

विलास परत गेला. पुढच्या वर्षी पत्र चार इंच. त्याच्या पुढच्या वर्षी सात. मग तर घडीच्या कडेलाही मजकूर येऊ लागला. कुणी विचारलं, "काय म्हणतो मुलगा?" की आबा चौकटीकडे बोट दाखवायचे, "मापात आहे." त्या आकड्यांकडे बघूनच मी कॉलेजात नाव घातलं. हे त्यांना सांगायचं राहिलंय.

शेवटच्या वर्षाच्या निकालाच्या दिवसांत पत्र आलं आणि चौकटीवर आकडा चढला, सव्वा इंच. आठ दिवस टेप खुंटीला. मासेवालीनं बांगडा पुढे केला, "मोजा की!"

"राहू दे गो."

शेवटी मीच विचारलं. त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. "बघ. पहिल्या वर्षासारखंच आखूड. पोरगा पुन्हा खचला."

"पण लिहिलंय काय?"

ते अंगणातल्या माडाकडे बघत राहिले. "आकडे येतात रे मला. अक्षरांचं राहून गेलं. कुणाला बोलू नको."

मी वाचायला लागलो.

"आबा, पहिल्या वर्गात पास झालो. एम. एस्सी.ला नाव घालायच्या रांगेत उभा राहून लिहितोय, त्यामुळे पान भरणार नाही. या वेळी टेप लावू नका."