सर्व्हरवाले इंगळेभाऊ

आमच्या ऑफिसात एक खोली अशी आहे, की तिच्यात कोणी माणूस बसत नाही. तरीही इंगळेभाऊ दारावर टकटक केल्याशिवाय तिच्यात जात नाहीत. चपला बाहेर काढायच्या, दोन बोटांनी टकटक करायची, घटकाभर थांबायचं, मग हळूच दार लोटायचं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि मला वाटलं, आत कोणी फार मोठे साहेब बसत असावेत. मीही ओढणी नीट केली, चपला काढल्या आणि त्यांच्या मागोमाग आत गेले. आत होता लोखंडी सांगाडा, त्यात काळे डबे, डब्यांवर लुकलुकणारे हिरवे दिवे आणि भिंतीवर एक एसी.

"भाऊ, टकटक कोणासाठी केली?" मी विचारलं.

"अंदर काम चालून राहिलं ना मॅडम," इंगळेभाऊ कुजबुजले. "काम करनाऱ्याच्या अंगावर एकदम जाऊ नाही."

हे आमचे मधुकर इंगळे. आमचा संघ संत्रा बागायतदारांचा, ऑफिस अमरावतीला. वरूड, चांदूर बाजारकडचे बागायतदार आमच्या वेबसाईटवर रोजचा भाव पाहतात, माल न्यायला ट्रक मागतात, पैसेही तिथेच जमा होतात. हे सगळं ज्या यंत्रावर चालतं तो सर्व्हर, आणि तो सर्व्हर ज्यांच्यावर चालतो ते इंगळेभाऊ. माझं काम वेबसाईटवरच्या सूचना लिहिण्याचं, त्यामुळे माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून. गेली कित्येक वर्षं मी त्यांची शेजारीण आहे आणि त्यांनी मला अजून नावानं हाक मारलेली नाही. मी अकोल्याची, म्हणून मी 'अकोलेवाल्या मॅडम'. मे महिन्यात मी उकाड्यानं हाश्शहुश्श केलं की ते मान वर न करता म्हणतात, "अकोल्याच्या मानसानं अमरावतीच्या उन्हाले नावं ठेवू नाही."

आता मे महिन्यात अख्ख्या इमारतीत एसी असलेली खोली एकच, ती सर्व्हरची. त्यामुळे ऊन तापलं की ऑफिसातल्या प्रत्येकाला सर्व्हरची काळजी वाटू लागते. कॅशियर येतो, "भाऊ, सर्व्हर गरम तर नाही झाला?" टायपिस्टबाई येतात, "भाऊ, पंख्याचा आवाज येतोय का, मी जरा ऐकून पाहते." इंगळेभाऊ सगळ्यांना आत घेतात. अट एकच, चपला बाहेर आणि तोंड बंद. एकदा सचिव देशमुख साहेब आत उभ्याउभ्या फोनवर मोठ्यानं बोलू लागले, तर इंगळेभाऊंनी त्यांना हात जोडून बाहेरची वाट दाखवली. साहेब गेलेही. संघात सचिवाला बाहेर काढण्याचा अधिकार एक तर सभासदांच्या सभेला आहे, नाहीतर इंगळेभाऊंना.

त्यांचं ब्रीदवाक्य सांगते. "चालून राहिलं ना? मंग बोट नोको लावू." हे वाक्य ते सर्व्हरपुरतं ठेवत नाहीत. स्कूटरचा आरसा मोडका, का? चालून राहिली ना. चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला, का? दिसून राहिलं ना. लग्न केलं नाही, तेही बहुधा याच तत्त्वावर. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "फुरसतच नाही भेटली, मॅडम." आणि लगेच स्क्रीनकडे वळले.

अशा माणसाला सर्व्हरची नवी आवृत्ती बसवायला सांगणं म्हणजे झोपलेल्या बाळाला उठवून आंघोळ घालायला सांगण्यासारखं. तरी दर काही वर्षांनी ते करावंच लागतं. त्याचा मुहूर्त इंगळेभाऊ पंचांगात बघत नाहीत, झाडावर बघतात. आंबिया बहाराची संत्री निघत असताना सर्व्हरला हात लावायचा नाही, कारण तेव्हा दिवसभर ट्रकांची मागणी चालू असते. मृग बहाराचा माल निघतानाही नाही. दोन्ही बहार आटोपले, झाडं रिकामी झाली, बागायतदार लग्नकार्यात अडकले, की मग. पुण्याच्या ज्या कंपनीकडून आम्ही सल्ला घेतो, तिथली मुलं विचारतात, "सर, तुमची डाउनटाइमची, म्हणजे सर्व्हर बंद ठेवायची, तारीख काय?" इंगळेभाऊ फोनवर सांगतात, "अजून वरूडले संत्रा लटकून राहिला, बाप्पा."

पण मागच्या उन्हाळ्यात झाडं रिकामी झाली तरी इंगळेभाऊ हलेनात. आधी म्हणाले, लाईट जाऊन राहिली. मग म्हणाले, पुण्याची पोरं सुट्टीवर हायेत. शेवटी देशमुख साहेबांनी मीटिंग बोलावली.

"इंगळे, ज्या कंपनीमार्फत आपले पैसे जमा होतात, तिनं शेवटचं सांगितलंय. जुना सर्व्हर असुरक्षित आहे. नवा बसवा, नाहीतर आम्ही संबंध तोडतो. तुमची अडचण काय आहे?"

इंगळेभाऊ उठून उभे राहिले. मीटिंगमध्ये ते कधी उभे राहत नाहीत.

"साहेब, जुन्या फोनवाले बाहेर राह्यतीन."

मग त्यांनी समजावून सांगितलं. फोन आणि सर्व्हर एकमेकांशी बोलण्याआधी एक कुलूप-किल्ली जुळवतात. जुन्या सर्व्हरवर जुनं कुलूप आहे. नव्यावर नवं, पक्कं कुलूप येईल. पण जे फोन फार जुने आहेत, त्यांच्याकडे त्याची किल्लीच नाही. त्यांना आमच्या वेबसाईटचं एक पानही दिसणार नाही.

"असे लोक किती असतील?" साहेबांनी विचारलं.

"थोडे हायेत. पन हायेत."

"ते घेतील नवा फोन. आजकाल कोण जुना वापरतो?"

"नुसत्या भावाच्या पानापुरती एक खिडकी जुन्या कुलपाची ठेवली तं? पैशाचं सारं नव्या दारातून."

साहेबांनी पुण्याला फोन लावून विचारलं. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, खिडकी उघडी ठेवून दाराला कुलूप लावण्यात अर्थ नाही ना." ती बरोबरच बोलत होती. इंगळेभाऊंनीही मान हलवली. पण त्यांचा चेहरा असा पडला, की मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. एवढं काय? चार जुने फोन!

एकदा ठरल्यावर मात्र इंगळेभाऊंनी काम असं केलं की बघत राहावं. रविवारी सकाळी ऑफिस बंद असताना त्यांनी ते केलं, आणि वेबसाईट बंद असल्याची सूचना लावायला मला बोलावलं. आधी सगळ्याची एक प्रत काढून बाजूला ठेवली. नवी आवृत्ती वेगळ्या डब्यावर आठवडाभर चालवून पाहिलेलीच होती. मग जुन्याची चाल थांबवली. जुन्या सर्व्हरला त्यांनी वर्षानुवर्षं काय काय शिकवून ठेवलं होतं, एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, कोण किती वेळ गप्प बसलं की त्याला बाहेर काढायचं, ते सगळं एकेक ओळ वाचून नव्याला शिकवलं. मध्येच नवा अडला. चालू होईना. पुण्याची मुलं फोनवर घाबरी झाली. इंगळेभाऊ मात्र त्याच्याशी बोलत होते, "काहून रुसला बे? काय पायजे तुले?" एका फाईलची परवानगी द्यायची राहिली होती. ती दिली आणि वेबसाईट उघडली, आधीपेक्षा झटकन.

मी टाळ्या वाजवल्या. इंगळेभाऊंनी आपला स्वतःचा फोन काढून पान उघडून पाहिलं, बंद केलं, खिशात ठेवलं. "झालं," म्हणाले. घरचं लग्न आटोपल्यावर मांडवात एकटाच राहिलेला माणूस म्हणतो तसं.

सोमवारी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. तो मीच उचलते.

"हालो. संत्र्याचं हाफिस हाय का?" एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"हो, बोला."

"मी चांदूर बाजारहून बोलून राहिली. तुमचं भावाचं पान उघडून नाही राहिलं."

मला सगळ्यांना सांगायचं वाक्य पाठ होतं. "मावशी, तुमचा फोन जुना असेल. नवा घ्यावा लागेल. आजचा भाव मी सांगते ना तुम्हाला."

"भाव मले कायले पायजे? माह्याकडं संत्र्याचं एक झाड नाही." मग आवाज एकदम बारीक झाला. "मधुकर बरा हाय ना?"

मला आधी कळेचना. "कोण मधुकर?"

"इंगळे. माहा भाऊ. त्यानं मले त्याचा जुना फोन देला तवा सांगतलं, ताई, हे पान मी चालवतो. पान उघडलं का समजाचं, मी बरा हाय. म्हून मी रोज चहा झाला का उघडून पाह्यते. आज तीनदा पाह्यलं."

"अहो मावशी, मग त्यांनाच फोन करायचा ना!"

"त्याले इचारलं तं तो म्हनन मी बरा हाय. मराले टेकला तरी तेच म्हनन तो."

मी रिसीव्हरवर हात ठेवून शेजारी पाहिलं. इंगळेभाऊ हातातला चहा तसाच धरून बसले होते. त्यांना आवाज ऐकू आला असावा, कारण त्यांचे कान लाल झाले होते.

मी मावशींना म्हटलं, "ठणठणीत आहेत. हे घ्या, बोला." आणि रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला.

"ताई," ते म्हणाले. "हो. बरा हाय. हो. नाही, मशिन बदलली. बरं, ठेवू?" आणि ठेवला. दोघांचं एवढंच संभाषण.

मग मी त्यांना सोडलं नाही. हळूहळू सगळं बाहेर आलं. ताईंचं नाव कुसुम. नवरा गेलेला, लेकी सासरी, त्या एकट्याच. ही दोघं भाऊबहीण जन्माची अबोल. फोनवर 'बरं हाय ना' च्या पुढं काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नाही. म्हणून भावानं हा रस्ता काढला होता. आणि नवा फोन ताई घेत नव्हत्या, जुना चालून राहिला ना!

"पण भाऊ, पान तर आपोआप उघडतं. तुम्ही रजेवर असलात तरी."

"तेच तं," ते म्हणाले. "मांगं मी काविळीनं दवाखान्यात पडलो होतो. तवा बी पान उघडून राहिलं होतं. ताईले पत्ताच नाही लागला. बिचारी आरामात राह्यली."

तेव्हा मला समजलं, हा माणूस इतकी वर्षं सर्व्हर एक मिनिट बंद पडू नये म्हणून का धडपडत होता. मला कौतुक वाटलं. आणि रागही आला, कारण माझाही एक भाऊ अकोल्याला आहे आणि तो असाच गाढव आहे.

"आता पान नाही," मी म्हटलं. "आता रोज बोलायचं."

"काय बोलू, मॅडम?"

"डब्यात काय आणलं ते सांगा."

त्या दिवसापासून ते रोज फोन करू लागले. सुरुवातीला नुसती भाजी. "आज वांगं." "बरं." "ठेवू?" मग वांग्यात कूट किती घालतात यावरून वाद होऊ लागले आणि कूट कोणाच्या सासरची पद्धत, तिथपर्यंत जाऊ लागले. मी माझ्या टेबलावरून ऐकत असते आणि सूचना चुकीच्या लिहिते.

परवा सकाळी त्यांना ताप होता. डोळे तांबारले होते, तरी कामावर आले होते. नेहमीसारखा फोन लावला. तिकडून 'बरा हाय ना?' हा नेहमीचा प्रश्न आला असणार, कारण इंगळेभाऊंनी तोंड उघडलं आणि तसेच थांबले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "नाही, ताई. आज बरं नाही वाटून राहिलं."

दुपारच्या एसटीनं ताई आल्या. ठेंगण्या, वाळलेल्या, हातात पिशवी आणि पिशवीत मुगाच्या कढणाचा डबा. आल्या त्या कोणाला काही न विचारता थेट भावाच्या कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. सगळं ऑफिस बघत होतं. ते कढण त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर भावाला प्यायला लावलं.

"चाल घरी," त्या म्हणाल्या.

"ताई, सर्व्हर..."

"त्याले ताप हाय का?"

इंगळेभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, डबा पुसून पिशवीत ठेवला आणि मुकाट्यानं बहिणीच्या मागोमाग निघाले.