मेंढ्यांमुळे घटलेली वीज

हवा शासनाच्या अखत्यारीत येत नाही, ही आपल्या वीजनिर्मितीपुढची मूळ अडचण आहे.

सोलापूरच्या दक्षिणेकडच्या माळावर आमचे गॅस टर्बाइनचे वीजकेंद्र आहे आणि मी तिथे पत्रव्यवहार लिपिक आहे. टर्बाइन हवा ओढते, दाबते, तिच्यात गॅस जाळते आणि त्या झोतावर फिरून वीज देते. (मला एवढेच कळते. पदोन्नतीला याहून जास्त लागत नाही.) यंत्राच्या पाटीवर क्षमता लिहिली आहे शंभर मेगावॅट. खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे: पंधरा अंश तापमानात, समुद्रसपाटीला. पंधरा अंश सोलापुरात जानेवारीत चार-दोन पहाटे असतात. समुद्र अद्याप मंजूर झालेला नाही.

त्या वर्षी मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला आणि यंत्र चौऱ्याहत्तरवर आले. वरून पत्र आले : घट का झाली, जबाबदारी निश्चित करून आठ दिवसांत कळवावे.

कार्यकारी अभियंता सिद्धलिंग हत्तुरे साहेबांनी समिती नेमली. कनिष्ठ अभियंता दिपाली मॅडम नोकरीत नव्या होत्या, त्यामुळे त्यांनी पहिल्याच बैठकीत कारण सांगून टाकले.

"सर, गरम हवा विरळ असते. यंत्र तेवढीच हवा ओढतं, पण ती वजनाला कमी भरते. ऊन काही आपल्या हातात नाही. पण हवेचे फिल्टर चोंदलेत, दोन वर्षं बदललेले नाहीत. ते तरी बदलू या."

(फिल्टरची मागणी साहेबांच्याच टेबलावर सहीसाठी होती. तिच्यावर ते पाण्याचा ग्लास ठेवत.)

समितीने कारणांची रीतसर छाननी केली. तापमान : सूर्यास नोटीस बजावण्याची तरतूद नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची : बाब महसूल खात्याची. आर्द्रता : सदस्यांत मतभेद, चहा घेण्यात आला. धूळ : धूळ मेंढ्यांच्या खुरांनी उडते, मेंढ्यांना मालक असतो आणि मालकाला पत्ता असतो. जबाबदारी निश्चित झाली.

मेंढ्या बासष्ट. मालक गोजाबाई कोळेकर, वय साठ, विधवा. नोटीस मी लिहिली. 'आपल्या मेंढ्यांनी सव्वीस मेगावॅटची घट घडवून आणल्याचे निदर्शनास आले आहे' हे वाक्य माझे. साहेबांनी ते दोनदा वाचून घेतले.

सुनावणीला गोजाबाई चालत आली. खाली बस असे तिला कुणी म्हणाले नाही.

"मावशी, तुमच्या मेंढ्यांची धूळ मशीनमध्ये जाते," साहेब म्हणाले.

"जात आसंल की. पर सायेब, माज्या सासऱ्यापासनं मेंढरं ह्याच वाटंनं तळ्याला जात्यात. तुमची मशीन कवा आली?"

"नऊ वर्षं झाली."

"मंग वाट कुणी सोडायची? आदी आलेल्यानं का मागनं आलेल्यानं?"

इतिवृत्तात नोंद झाली : संबंधित महिलेने ज्येष्ठतेचा मुद्दा उपस्थित केला. मेंढ्यांना सेवाज्येष्ठता लागू नसल्याचे तिच्या निदर्शनास आणून देण्यात आले.

दिपाली मॅडम म्हणाल्या, "सर, मेंढ्या दिवसातून दोनदा जातात, दहा-दहा मिनिटं. यंत्र चोवीस तास हवा ओढतं."

"हा तांत्रिक मुद्दा झाला," साहेब म्हणाले. "आपण इथं जबाबदारीवर बोलतोय."

पुढच्या सोमवारी वाटेवर काटेरी तार बसली. मंगळवारी मॅडमची कुर्डुवाडीला बदली झाली.

गोजाबाई मेंढरे हायवेने तळ्याला नेऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात एका ट्रकखाली अकरा मेंढ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ती फाटकावर आली. लुगड्यावर रक्त वाळले होते. आरडाओरडा करील म्हणून दोन रखवालदार उभे केले होते, पण तिने फक्त विचारले, "आता तरी वाढली का वो तुमची वीज?"

मी त्या दिवशीचा तक्ता पाहिला. चौऱ्याहत्तर.

"न्हाय मावशी. हाय तेवढीच हाय," मी म्हणालो. (खरी माहिती अनधिकृतपणे पुरवल्याबद्दल मला मेमो मिळाला.)

तिने मान हलवली आणि ती गेली. उरलेली मेंढरे तिने सांगोल्याच्या बाजारात विकली.

डिसेंबरात थंडी पडली. यंत्र नव्वदवर गेले. अहवाल मीच लिहिला : मेंढ्या हटवल्यामुळे उत्पादनात सोळा मेगावॅटची भरीव वाढ. साहेबांना सन्मानचिन्ह मिळाले. ते जड असल्याने फिल्टरच्या मागणीवर आता तेच ठेवतात.

पावसाळ्यात मेंढ्या नसल्याने माळावर गवत कमरेइतके वाढले होते. पुढच्या उन्हाळ्यात ते वाळले, त्याची कुसळे वाऱ्यावर उडाली आणि फिल्टरमध्ये जाऊन बसली. यंत्र चौसष्टवर आले आणि एका दुपारी गप्प झाले. समितीने गवत खाणाऱ्या जनावरांच्या पुरवठ्यासाठी निविदा काढण्याची शिफारस केली आहे.

त्या दुपारी शहराच्या निम्म्या भागात दोन तास वीज नव्हती. तक्रारींचा फोन माझ्या टेबलावर होता. चारशे बारा फोन आले. एवढे वाचून आपल्याला गोजाबाईची कणव आली असेल, साहेबांचा संतापही आला असेल. पण त्या चारशे बारांत यंत्र का बंद पडले, हे एकानेही विचारले नाही. एसी कधी लागणार, एवढेच सगळ्यांनी विचारले. आपणही विचारलेत. मी दोन तास म्हणालो, तेव्हा आपण ओरडलात, "काय वाट्टेल ते करा, पण लाइट द्या!"

आपले हे म्हणणे लेखी संमती म्हणून फाइलला लावले आहे.