मापाच्या वेळचा श्वास

अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याला सुमारे पाच आठवडे उरले असताना, एका शनिवारी सकाळी साडेदहा वाजता, क्रीडासाहित्याच्या दुकानामागील खोलीत, हिरव्या चटईवर दोन्ही पाय रोवून आणि समोरच्या जाळीकडे जन्मोजन्मीच्या वैऱ्याकडे पाहावे तसे पाहत मास्तर उभे होते. ते तिथे ड्रायव्हरचे माप द्यायला आले होते. गोल्फमध्ये पहिला, लांब पल्ल्याचा फटका ज्या मोठ्या डोक्याच्या काठीने मारतात ती काठी म्हणजे ड्रायव्हर. आणि तीही खेळणाऱ्याच्या मापाने बनवून मिळते हे कळल्यापासून मास्तरांना झोप लागली नव्हती.

मास्तर पेशाने शिंपी. गावातल्या निम्म्या पुरुषांचा कुठला खांदा किती उतरलेला आहे हे त्यांना तोंडपाठ होते. नऊ खड्ड्यांच्या गोल्फ मैदानाचे सभासद ते झाले, तेही सुईच्याच वाटेने. मैदानाच्या अजिंक्यवीराला दरवर्षी गडद निळा कोट मिळे आणि तो मास्तर शिवत. अकरा वर्षांत त्यांनी अकरा कोट शिवले, अकराही दुसऱ्यांच्या अंगावर चढवले, आणि दर वेळी तोंडात टाचण्या धरून टाळ्या वाजवल्या. यंदा ते प्रथमच अंतिम फेरीत पोचले होते. एक कोट, फक्त एक, स्वतःच्या मापाचा शिवावा यापलीकडे त्यांचे या खेळाकडे काहीही मागणे नव्हते.

अंतिम फेरीत आडवे येत होते ते त्यांचे व्याही. व्याही दातांचे डॉक्टर होते; देहाने ऐसपैस, आवाजाने त्याहून ऐसपैस, आणि गेली दोन वर्षे अजिंक्यवीर. मास्तरांच्या दुकानात टेबलावर जी पाटी होती, 'मापाच्या वेळी पोट आत घेऊ नये, नंतर तक्रार चालणार नाही,' ती या डॉक्टरांच्याच कृपेने लागलेली होती. पहिल्या वर्षी डॉक्टरांचा कोट पुढून दोन बोटे कमी पडला, तेव्हा भर समारंभात मास्तरांनी निकाल दिला होता : "कोट बरोबर आहे, डॉक्टर. मापाच्या वेळी तुम्ही पोट आत घेतलं होतंत." तेव्हापासून टेप कमरेभोवती गेला की मास्तर गिऱ्हाइकाला एखादा घरगुती प्रश्न विचारत. नळ दुरुस्त झाला का? धाकटी काय म्हणते? उत्तर द्यायचे तर माणसाला श्वास सोडावा लागतो; श्वास सुटला की पोट आपल्या जागी येते, आणि तेवढ्यात मास्तर टेप वाचून मोकळे होत.

त्या शनिवारी डॉक्टरांना हातमोजे घ्यायचे होते आणि गाडी त्यांचीच होती, म्हणून तेही खोलीत खुर्ची ओढून बसले. सगळ्या अनर्थाचे मूळ ती खुर्ची होय.

"काका, फटका नेहमी साधारण किती लांब जातो?" माप घेणाऱ्या बाईंनी वहीवर पेन्सिल टेकवून विचारले.

मास्तर 'एकशे साठ यार्ड' म्हणणार होते. मागे खुर्ची करकरली.

"सव्वादोनशे," मास्तर म्हणाले.

"उतारावर का?" डॉक्टरांनी विचारले.

"सपाटीला!"

"बरं," बाई म्हणाल्या, "आता नेहमी मारता तसाच मारा. मुद्दाम काही करू नका. हे यंत्र काठीचा वेग मोजतं, ताशी मैलांत."

मास्तरांनी यानंतर जो फटका मारला, तसा फटका त्यांनी आयुष्यात कधी मारला नव्हता. टाचा उचलल्या गेल्या, दात आवळले गेले, आणि काठी अशी फिरली की भिंतीवरचे कॅलेंडर एक महिना पुढे गेले. पडद्यावर आकडा उमटला : शहाण्णव.

"अरे वा, काका!"

"हे आपलं अंग मोकळं करायला," मास्तर धापा टाकत म्हणाले.

असे त्यांनी सात फटके मारले. सातव्याला पाठीत कुठेतरी एक टाका उसवल्यासारखा वाटला. पण डॉक्टर खुर्चीत ताठ बसले होते, आणि त्या दृश्यापुढे पाठीची काय मातब्बरी?

बाईंनी वहीत सगळे टिपले : दांडा अतिशय ताठ, तोंडाचा कल कमी, लांबी पाऊण इंच जास्त. ही शेवटची नोंद मास्तर पहिल्या फटक्यापासून चवड्यांवर उभे होते त्यामुळे झाली. "हा जोरकस माणसाचा ड्रायव्हर होईल, काका," त्यांनी बजावले. "जोर कमी पडला तर चेंडू उठणार नाही, आणि उजवीकडे पळेल. खरंच नेहमी असंच मारता ना?"

"बाई, माप देणं म्हणजे काय ते मला नका शिकवू," मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं मापंच घेतोय."

ड्रायव्हर यायला तीन आठवडे लागणार होते. मास्तरांनी तो वेळ वाया घालवला नाही. मैदानाची रीत अशी होती की कोट सामन्याच्याच दिवशी, चहाच्या वेळी द्यायचा. म्हणून मास्तर दरवर्षी दोन्ही प्रतिस्पर्ध्यांची मापे धरून, शिवणीत भरपूर दाब, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवून, कोट नुसता कच्च्या टाक्यांवर उभा करत आणि निकाल लागल्यावर अर्ध्या तासात पक्का करत. यंदा त्यांनी दुकानाचे दार आतून लावले, आरशासमोर उभे राहून स्वतःचे माप घेतले, आणि कापडावर कात्री चालवली. त्या दिवशी आरशातला आपला बांधा त्यांना कमालीचा समाधानकारक वाटला.

दुपारी बायको काजे करायला बसली. दुकानातली सगळी काजे-बटणे तिच्याकडे असत. तिने कोट उलटा केला, शिवणीतून बोट फिरवले आणि चष्मा वर सरकवला.

"अहो, यात दाबच नाही ठेवलात."

"नाही ठेवला."

"आणि डॉक्टर जिंकले म्हणजे? त्यांचा एक हात तरी जाईल का यात?"

"जिंकतील कसे? सव्वादोनशे यार्ड जाणारा ड्रायव्हर येतोय."

"ड्रायव्हर येतोय हो. मारणार तुम्हीच ना?"

मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला. निळ्या कापडाचा तागा संपला होता, हे त्यांनी सांगितले नाही. म्हणजे आता सामना हरला तर केवळ कोट जाणार नव्हता. शिंप्याने अजिंक्यवीराचा कोट गुपचूप स्वतःच्या बेताने कापला, हे साऱ्या गावासमोर उघडे पडणार होते. अकरा कोटांनी कमावलेली अब्रू बाराव्याच्या शिवणीत अडकली होती.

ड्रायव्हर आला. दिसायला देखणाच होता. मैदानावर मात्र मास्तरांनी पहिला चेंडू मारला तो गुडघाभर उंचीने सरपटत उजवीकडच्या झुडपात गेला. दुसरा त्याला शोधायला गेला. मास्तरांनी क्रमाने वाऱ्याला, गवताला आणि चेंडूच्या कारखान्याला दोष दिला. दहा दिवसांनी, सामना रविवारी असताना, गुरुवारी ते ड्रायव्हर काखोटीला मारून क्रीडासाहित्याच्या दुकानात हजर झाले.

"बाई, तुमचं माप चुकलंय."

"मारून दाखवा, काका."

या वेळी मागे खुर्ची रिकामी होती आणि पाठ दुखत होती. मास्तरांनी मारला. पडद्यावर आकडा उमटला : अठ्ठ्याहत्तर. पुन्हा मारला. अठ्ठ्याहत्तर.

बाईंनी जुनी वही उघडून समोर ठेवली. "हा माणूस त्या दिवशी कुठे होता?"

"पण ड्रायव्हर माझ्या मापाचा हवा ना?"

"मापाचाच आहे. जो माणूस माप देऊन गेला, त्याच्या मापाचा."

नेमके असलेच काही आपण गिऱ्हाइकांना ऐकवतो, याची अस्पष्ट जाणीव मास्तरांना झाली. पण वाद अर्धवट सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी पाऊण तास बाजू मांडली. शेवटी बाई म्हणाल्या, "नवा दांडा बसवून देते. तीन आठवडे लागतील."

मास्तरांकडे तीन दिवस होते.

रविवारी मैदानावर सारे गाव लोटले होते. नियमाप्रमाणे काठ्यांची पिशवी उचलायला घरचे माणूस चालत असे. मास्तरांची पिशवी बायकोने घेतली होती. ती स्वतः सकाळच्या बायकांच्या गटात खेळे, आणि तिचा ड्रायव्हरही, खणाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे टोपरे घालून, त्याच पिशवीत होता. खेळाचा हिशेब सोपा : नऊ खड्डे, जो खड्डा कमी फटक्यांत गाठेल त्याचा तो खड्डा. पहिल्या चारांत तीन डॉक्टरांनी घेतले, एक बरोबरीत सुटला. चारही वेळा मास्तरांच्या नव्या ड्रायव्हरचा चेंडू झुडपांच्या भेटीला गेला होता.

"व्याहीबुवा, तिकडे काही पुरून ठेवलंय का?" डॉक्टरांनी चौकशी केली.

पाचव्या खड्ड्याला बायकोने टोपरे काढले आणि आपला ड्रायव्हर पुढे केला.

"बायकांचा?" मास्तर कुजबुजले. "सगळे बघतायत."

"कोटही बघणार आहेत सगळे."

मास्तरांनी ड्रायव्हर घेतला. दांडा लवचीक, लांबी बेताची. त्यांनी टाचा उचलल्या, दात आवळले, छाती भरून श्वास घेतला, काठी मागे नेली. त्याच क्षणी बायको सहज आवाजात म्हणाली, "अहो, निघताना इस्त्री बंद केलीत ना?"

"केली की," मास्तर म्हणाले. 'की' म्हणताना श्वास सुटला, टाचा जमिनीला लागल्या, आणि काठी आपल्या आपण फिरून आली. चेंडू उठला आणि मैदानाच्या मधोमध, शिवणीसारखा सरळ गेला.

मास्तर वळून बायकोकडे पाहत राहिले. ती टोपऱ्याची नाडी सारखी करत होती.

पाचवा मास्तरांचा. सहाव्याला तिने विचारले, "मागच्या दाराची कडी?" सहावाही मास्तरांचा. सातव्याला थोरल्या लेकीच्या फोनची चौकशी झाली आणि खड्डा बरोबरीत सुटला. आठवा मास्तरांनी घेतला, आणि सामना समसमान झाला. डॉक्टर आता विनोद करेनासे झाले. ते विहीणबाईंच्या तोंडाकडे आणि मास्तरांच्या काठीकडे आळीपाळीने निरखून पाहू लागले, दुखरा दात कुठला ते शोधावे तसे.

नवव्या खड्ड्याला मास्तर उभे राहिले. काठी मागे गेली, थांबली, पुन्हा खाली आली.

"विचार की काहीतरी," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"जेवायला काय करू?"

"काहीही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आयुष्यातला सर्वोत्तम फटका मारला.

चहाच्या वेळी दिवाणखान्यात अध्यक्षांनी मास्तरांचे नाव पुकारले. बायकोने कोट धरला. खांदे असे बसले की जाणकारांनी माना डोलावल्या. बाह्या मनगटाच्या हाडाशी येऊन अदबीने थांबल्या. मग मास्तरांनी बटण लावायला घेतले, आणि बटण व काज यांच्यात दोन बोटांचे अंतर आहे असे त्यांच्या बोटांना कळले. त्यांनी चेहरा किंचितही न हलवता श्वास आत ओढला. बटण लागले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर लाल होत, हसत, श्वास रोखून उभे राहिले. दारापर्यंत वीस पावले होती. तेवढी निभावली असती.

डॉक्टर कपबशी घेऊन समोर आले. त्यांनी व्याह्यांना आपादमस्तक न्याहाळले.

"मास्तर," ते अतिशय सहज आवाजात म्हणाले, "इस्त्री बंद केली होतीत ना?"

"केली की..."

बटण तुटले, ते सूं करत डॉक्टरांच्या चहात पडले. बायकोने टाचणीची डबी शोधण्याच्या निमित्ताने मान खाली घातली. डॉक्टरांनी चमच्याने बटण बाहेर काढले, रुमालाने पुसले, नुकत्याच उपटलेल्या दाढेसारखे उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासले, आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवले.

"कोट बरोबर आहे, मास्तर," ते म्हणाले. "मापाच्या वेळी तुम्ही पोट आत घेतलं होतंत."