आधी पाणी

जाधवसरांच्या घरी कुणीही गेलं की पाण्याचा पेला समोर यायचा, आणि पाहुणा तो रिकामा करेपर्यंत सर तोंड उघडायचे नाहीत. कुरिअरवाला असो नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी. "आधी पाणी, मग वाङ्मय," एवढंच. उल्हासनगरहून पडद्यांची मापं घ्यायला आलेले सिंधी शेठ तीन पेले पिऊन बाहेर पडले आणि जिन्यात मला म्हणाले, "दीदी, सर खिडकी बाद में नापने देते हैं, पहले आदमी को भरते हैं!"

सरांना जाऊन महिना झाला. जिना आता शांत असतो.

सरांनी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि त्यातही एक कादंबरी जीव लावून. रंगावरून एका निरपराध माणसाला गुन्हेगार ठरवणाऱ्या गावाची ती जुनी गोष्ट. तिच्यात निरागसतेचं प्रतीक दिसलं की सर समासात लाल पेन्सिलीनं 'नि' लिहायचे. पांढरं कोकरू, नि. चिंध्यांची बाहुली, नि. निवृत्तीनंतर ही सवय अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या इमारतीवर उतरली. 'उद्या चार ते पाच पूर्ण दाबाने पाणी येईल' या नोटिशीखालीही लाल 'नि' उमटला. सेक्रेटरी भडकला. सर म्हणाले, "अहो, गौरव आहे तुमचा. अजून विश्वास ठेवता!"

एका पानावर मात्र 'नि' नव्हता. गावातली एक लहान मुलगी त्या आरोपीच्या पेल्यातलं पाणी दुसऱ्यांदा पिते, ते पान. गाइडात तेच पहिलं प्रतीक. एका विद्यार्थ्यानं पेपरात ते लिहिलं आणि मार्क गमावले.

"सर, गाइडात आहे!"

"गाइडला तहान लागत नाही."

मी ग्रंथपाल. दर रविवारी पुस्तकं घेऊन त्यांच्याकडे जायची. पाण्याला मात्र "नको सर, आत्ताच झालं." सर जरा थांबायचे, पेला खिडकीतल्या मनी प्लँटला घालायचे, मग बोलू लागायचे. बारा वर्षांत ती वेल माझ्या वाटचं पाणी पिऊन पंख्यापर्यंत पोचली.

एका रविवारी मी विचारलंच, त्या पानावर 'नि' का नाही?

"शाळेत माझा तांब्या वेगळा असायचा, बाई. गोरख म्हणून मित्र होता. एकदा सगळ्यांदेखत माझ्या तांब्यातलं प्यायला. घरी मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी परत प्यायला." सर पेन्सिलीशी चाळा करत होते. "पहिल्या दिवसाला 'नि' देऊ. दुसऱ्या दिवशी त्याला ठाऊक होतं."

मी पेल्याकडे बघत राहिले. कुणाकडे पाणी पिऊ नये, हे मला आईनं शिकवलेलं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. आई सगळ्यांकडेच 'नको' म्हणायची का, हेही कधी आठवून पाहिलं नव्हतं.

पेला उचलला आणि तळापर्यंत प्यायले. ठसका लागला.

"मला 'नि' देणार का सर?"

"बारा वर्षं देत होतो," सर हसले. "आता नाही. आता तुम्हाला ठाऊक आहे."

त्या रविवारपासून वेलीचे हाल सुरू झाले.

परवा सरांच्या घरी वहिनींना भेटायला गेले. त्यांनी पेला समोर ठेवला आणि न बोलता बसून राहिल्या. मी सगळं प्यायले. मग आणखी एक पेला मागून घेतला आणि वेलीच्या कुंडीत ओतला.