शामभावजींनी दारावरची घंटी गाडीत नेली

आमचे शामभावजी कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी यंत्रांचा ताप बघतात. पालथा हात फ्रिजच्या कुशीला लावतात, मग मिक्सरला, मग पाण्याच्या मोटारीला. एकदा सोयरिकीच्या बैठकीला गेले होते. मुलीकडची माणसं चहाचे कप धरून बसली होती आणि हे त्यांच्या टीव्हीमागं वाकून म्हणाले, "ह्याला एकशेदोन तरी हाय." सोयरीक जमली, पण लग्नात मुलीच्या वडिलांनी त्यांना "या डॉक्टर" म्हणून हाक मारली आणि रहिमतपुरात तेव्हापासून तेच नाव पडलं.

भावजी म्हणजे माझ्या मालकांचे धाकटे भाऊ. मालक जाऊन चार वर्षं झाली. भावजींचं घर माझ्या घराला लागूनच आहे, मधे एक पेरूचं झाड. ते फौजेत गाड्या दुरुस्त करायच्या कामावर होते. हवालदार होऊन घरी आले तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि पाने जास्त होते. बोलणं मोजकं. माझ्याशी तर फारच मोजकं, आणि मीही बोलकी नाही. त्यामुळं आमच्या दोघांमधलं बोलायचं काम त्यांच्या बायकोनं, सुमननं, एवढी वर्षं केलं. मी समोर बसलेली असते आणि ते सुमनला सांगतात, "वहिनींस्नी इचार, चा घेणार का."

दुखणं माणसाचं असो की मोटारीचं, त्यांचं औषध एकच. "आधी घडी, मग गोळी." आधी कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवा, गोळीचं मग बघू. नळावरच्या भांडणात शेजारच्या बापूंचं डोकं तापलं, तेव्हा भावजींनी खरोखरच ओला पंचा नेऊन त्यांच्या टकलावर ठेवला. भांडण तिथंच संपलं. बापू आणि भावजी लहानपणापासूनचे दोस्त, पण तो पंचा बापू अजून विसरलेले नाहीत.

गेल्या वर्षी चैत्रात आम्ही चौघं भावजींच्या गाडीतून औंधला यमाईच्या दर्शनाला निघालो. पुढं भावजी आणि बापू, मागं सुमन आणि मी. देवीचा डोंगर खडा आहे, पण वरपर्यंत गाडी जाते. दुपारचं ऊन होतं. निम्म्या चढावर गाडीचा दम गेला. भावजी पाय दाबतायत आणि गाडी नुसती कण्हतेय. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. बापू मागं वळून म्हणाले, "शामराव, वहिनींस्नी उतरवा. मग बघा कशी हरणावानी पळती!"

सुमन हसली. मीही हसले. आणि उतरले.

माझे गुडघे गेलेत. पुढचा चढ चालणं शक्य नव्हतं. मी कठड्यावर बसून राहिले, मालक गेल्यावरही मी कधी न चुकवलेली देवीची ओटी माझ्या वतीनं सुमननं वर जाऊन भरली. घरी येताना मी तिला म्हटलं, "पुढच्या सालापास्नं माझ्या वाटची ओटी तूच भरत जा. माझ्यापायी गाडीला तरास नको."

भावजी घरी आल्यावर गाडीच्या बोनेटवर पालथा हात ठेवून उभे राहिले. एवढा वेळ त्यांनी कुठल्याच यंत्राचा ताप बघितलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेरूच्या पलीकडून भावजींचा आवाज आला. सुमन चुलीपाशी होती, पण बोलणं माझ्या खिडकीपर्यंत पोचेल एवढं मोठं होतं. "वजनाचा काय संबंध न्हाई, सुमे! गाडीला ताप चढला व्हता, ताप!"

मग दोन दिवस सुमनमार्फत मला गाडीचं दुखणं समजावण्यात आलं. गाडीत टर्बो नावाची फिरकी असते. ती इंजिनात वारा कोंबते. वारा कोंबला की तापतो, सायकलला हवा भरताना पंप तापतो तसा. तो वारा गार करायला गाडीच्या तोंडाशी, पुढच्या जाळीमागं, एक चपटी जाळी असते. तिला इंटरकूलर म्हणतात. रस्त्याला गाडी पळत असली की पुढून वारा लागून ही जाळी गार राहते. चढाला गाडी हळू, ऊन कडक, वारा नाही. मग जाळी तापते आणि गाडीचा दम जातो.

"मग आता?" मी सुमनला विचारलं.

"आता काय," सुमन म्हणाली. "घडी."

भावजी तासगावला गेले. तिथं आमच्या नणंदेची द्राक्षबाग आहे. येताना पाठीवरच्या फवारणी पंपाची छोटी मोटार, नळी आणि धुक्यासारखा फवारा मारणारी चार नोझलं घेऊन आले. नोझलं त्या जाळीपुढं ओळीनं बसवली. डिकीत पाण्याचा कॅन ठेवला. आख्खी गल्ली बघायला जमली. भावजींनी मोटार चालू केली आणि गाडीचं पांढरं तोंड बघता बघता निळं झालं.

बागेतल्या नळीत द्राक्षांवर फवारायचं निळं मोरचूद तसंच राहिलेलं होतं.

बापूंना मांडी घालून बसावं लागलं, एवढे हसले. "डॉक्टर, द्राक्षाच्या रोगावानी डावणी पडली व्हय गाडीवर? एक फवारा भुरीचाबी मारा!" भावजींनी दिवसभर दात घासायच्या ब्रशानं ती जाळी धुतली. तांब्याचं पाणी त्या जाळीला खातं म्हणे. संध्याकाळी सुमनला म्हणाले, "गाडीला आता कीड तरी लागायची न्हाई."

पुढं नोझलं तुंबायला लागली. चारातली तीन बंद, एक थुंकतंय. भावजी सुईनं भोकं मोकळी करायचे, दुसऱ्या दिवशी परत तेच. ओट्यावर ठेवलेलं एक नोझल मी बघितलं. तोंडाशी पांढरा थर. तोच थर माझ्या पाणी तापवायच्या पातेल्यात बसतो. बोअरचं पाणी ते. आमच्याकडं त्या पाण्यात डाळ शिजत नाही, डाळीला आडाचंच पाणी लागतं. पण गाडीतलं आपण काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडाच्या पाण्याची कळशी भरून त्यांच्या उंबऱ्याशी ठेवली आणि परत आले. पुढं रोज तेच. कळशी रिकामी होऊन पेरूखाली यायची आणि नोझलं तुंबायची थांबली.

मग फवारा सुरू करायचं बटण. बाजारात बटणं मिळतात, पण भावजींना हाताच्या सवयीचं बटण पाहिजे होतं, चाचपडून सापडणारं. त्यांनी घरच्या दारावरच्या घंटीचं बटण उपसलं. तेव्हापासून त्यांच्याकडं आलेल्या माणसाला बाहेरून हाक मारावी लागते. माझी मोठी पंचाईत झाली. मी कधी कुणाला मोठ्यानं हाक मारलेली नाही. वाटीभर साखर मागायला गेले तरी सुमन सहज बाहेर येईपर्यंत उंबऱ्याशी उभी राहायची.

आणि मग ते पोतं. गव्हाचं पोतं मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसवायचं, त्याला पट्टा लावायचा आणि भर उन्हात कोरेगाव रस्त्याच्या चढावर जायचं, हा दोन महिने त्यांचा नेम होता. बापू दारातून ओरडायचे, "शामराव, आज गव्हाला कुठं नेताय? सासरी?"

"लोड हाय," एवढंच भावजी म्हणायचे.

यंदाच्या चैत्रात एका सकाळी भावजी स्वतः माझ्या दारात आले. सुमन बरोबर नव्हती.

"वहिनी, ओटीचं सामान घ्या."

"नको भावजी. सुमन भरती की माझ्या वाटची."

त्यांनी आत येऊन माझ्या फ्रिजच्या कुशीला पालथा हात लावला. मग म्हणाले, "तुमी आज उतरलासा, तर मीबी उतरनार. गाडी तिथंच सोडून यीन."

मी ओटी घेतली.

बापूही आले, तमाशा चुकवायचा नव्हता त्यांना. "गाडी न थांबता चढली तर मी डोंगर चालत उतरीन," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी माझ्या जागेवर बसले, मागं डाव्या बाजूला. बघते तर घंटीचं बटण माझ्या हाताशी, दारावर बसवलेलं.

"हे इथं कसं?" बापू म्हणाले. "डायवर तुमी का वहिनी?"

"ताप बघायचं काम माझ्याकडं," भावजी म्हणाले, "घडी वहिनींकडं."

चढ लागला. गेल्या वर्षीचा कठडा दिसला. नेमकी तिथंच पुढची जीप हळू झाली. आमची गाडीही हळू झाली आणि कण्हायला लागली. मागं हॉर्न वाजला. माझा दुसरा हात आपोआप दाराच्या कडीकडं गेला.

"आवं वहिनी, कडी न्हवं! घडी! दाबा!"

मी दाबलं. पुढून फस्स करून पांढरा फवारा उडाला.

"धूर! आरं धूर निघाला!" बापू ओरडले.

"धूर न्हाई गड्या. आडाचं पानी हाय, डाळ शिजायचं." आरशात भावजींचे डोळे क्षणभर माझ्याकडं आले आणि परत रस्त्याला लागले.

जरा वेळ काहीच झालं नाही. मग गाडीनं नाकातून श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि मागून कुणी पाठीला हात लावावा तशी पुढं सरकली. जीप मागं पडली. कठडा मागं पडला. मी बटण सोडलंच नाही. सुमन टाळ्या वाजवत होती, आणि "यमाईच्या नावानं" म्हणून जो आवाज उठला तो माझा होता, हे मला नंतर कळलं.

वर पोचल्यावर भावजींनी बोनेट उघडून पालथा हात लावला. "अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले. देवीची ओटी मी माझ्या हातानं भरली. बापू बोलल्याप्रमाणं पायऱ्यांकडं वळले. भावजींनी त्यांच्या हातात ओला पंचा दिला.

दुसऱ्या दिवशी सुमन गव्हाचं पोतं ढकलत माझ्या अंगणात आली. "घ्या जाऊबाई. ह्या तुमी. दोन म्हयनं गाडीतनं फिरलाय."

मी वाकून पोत्याकडं बघितलं. "एवढी कुठं गं मी?"

"पाच किलो जादा हाय. ह्ये म्हनलं, वहिनी ओटीचं सामान घेत्यात, ते धरून." मग तिनं आवाज खाली केला. "म्या एकदा गेलते बरुबर. चढ आला की ह्ये पोत्याला म्हनायचं, 'वहिनी, उतरायचं न्हाई. बसून ऱ्हावा. मी हाय.'"

त्या गव्हाच्या मी पोळ्या केल्या, पुरण घालून. डबा घेऊन भावजींच्या दारात गेले. बटणाच्या जागी भिंतीला दोन वायरी तेवढ्या होत्या. सुमन कुठं दिसत नव्हती. मी उंबऱ्याशी थोडी थांबले. मग हाक मारली, पेरूवरचे पोपट उडाले एवढ्या मोठ्यानं.

"भावजी!"

"आलो वहिनी," आतून आवाज आला. "बसा. चा घेणार का?"